मुंबईच्या मरीनमधील लेफ्टनंट बॉवर्स

दक्षिण ध्रुवावर प्रथम कोण पोहोचला, हे शाळेतील मुलेही सांगतात. त्याच्यामागून चौतीस दिवसांनी तेथे पोहोचलेल्या आणि परत न आलेल्या पाच मनुष्यांपैकी कप्तान स्कॉट यांचे नाव सर्वतोमुखी झाले. त्या पाचांत वयाने सर्वांत लहान जो होता त्याचे नाव आपल्या मंडळ्यांत फारसे कोणी घेत नाही. तरी तो आपल्या किनाऱ्यास अगदीच परका नव्हता. मुंबईची गोदी हे ज्या रॉयल इंडियन मरीन नामक नौकादलाचे मुख्य ठाणे होते, त्या दलात तो अधिकारी होता, आणि त्याच दलातून तो हिमप्रदेशास गेला. त्याचे नाव हेन्री रॉबर्टसन बॉवर्स. हेच दल १९३४ साली रॉयल इंडियन नेव्ही झाले व पुढे त्याचेच भारतीय नौदल झाले.

हेन्रीचा जन्म २९ जुलै १८८३ रोजी स्कॉटलंडातील ग्रीनॉक ह्या बंदराच्या गावी झाला. बाप व्यापारी जहाजाचा कप्तान होता. पूर्वेकडील समुद्रांवर त्याचे आयुष्य गेले, आणि हेन्री अगदी लहान असतानाच तो रंगून येथे वारला. मागे विधवा आई, दोन मुली व हा एक मुलगा राहिला. आई मोठी धर्मशील होती. तिने मुलांस प्रार्थनेत व पवित्र शास्त्रात वाढविले, आणि मुलाने तिला आयुष्यभर पत्रे लिहिली. त्याच्याविषयी आज जे ठाऊक आहे त्यातील पुष्कळसे ह्या पत्रांमुळेच ठाऊक आहे.

वयाच्या चौदाव्या वर्षी तो टेम्स नदीतील वूस्टर नामक शिक्षणनौकेवर दाखल झाला व तेथून लॉक टॉरिडन नावाच्या मोठ्या शिडाच्या गलबतावर गेला. शिडाच्या गलबतावरील उमेदवारी म्हणजे काय, हे आपल्या कोळी बांधवांस सांगावयास नको. थंडी, ओले कपडे, अर्धी झोप, आणि वादळात डोलकाठीवर चढणे. बॉवर्सची उंची अवघी पाच फूट चार इंच होती, परंतु छाती चाळीस इंच. नाक मोठे व चोचीसारखे असल्यामुळे सोबत्यांनी त्याचे नाव पाखरू असे ठेविले आणि ते मरेपर्यंत टिकले. ह्याच तरुण वयात समुद्रावर एके रात्री, मन अगदी अंधारात बुडाले असता, डेकवर ख्रिस्त आपणाजवळ आला व मनुष्य कशासाठी जगतो हे त्याने आपणास दाखविले, असे त्यास वाटले. हे त्याने घरच्या पत्रात लिहिले आहे. त्याने ह्या गोष्टीचा डंका कधी वाजविला नाही. जहाजावर तो उपदेशकासारखा वागत नसे. तो काम करी, गाणी म्हणे, मोठ्याने हसे, आणि रात्री आपले शास्त्र वाची.

१९०५ साली बॉवर्स रॉयल इंडियन मरीनमध्ये शिरले. पुढील पाच वर्षे त्यांनी आपल्या समुद्रांत व नद्यांत काढली. ब्रह्मदेशात इरावती नदीवर लहानशा तोफांच्या नौकेचा हुद्दा त्यांच्याकडे होता, आणि इराणच्या आखातात बंदुकांची चोरटी ने-आण बंद करण्याच्या कामावरही ते होते. येथे एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. ह्या नौका परक्या राज्याचा हात होत्या, आणि त्या राज्याच्या हक्काविषयी बॉवर्स यांच्या मनात शंका नव्हती. आपण त्यांचे चरित्र वाचतो ते राज्यकर्त्यांची स्तुती करण्यासाठी नव्हे. एका विश्वासणाऱ्याने आपणाकडे सोपविलेले काम कसे केले व त्या कामाचे पुढे काय झाले, एवढ्याचसाठी वाचतो.

कप्तान स्कॉट दुसऱ्यांदा दक्षिणेकडे जाणार हे कळताच बॉवर्स यांनी अर्ज केला. त्या सफरीसाठी सुमारे आठ हजार अर्ज आले होते. वृद्ध भूगोलवेत्ते सर क्लेमंट्स मार्कहॅम यांनी शिफारस केली, आणि स्कॉट यांनी समक्ष न पाहताच त्यांस घेतले, तेही केवळ जहाजावरील अधिकारी म्हणून. लंडनच्या गोदीत टेरा नोव्हा जहाजात सामान भरीत असता बॉवर्स उघड्या झापेतून एकोणीस फूट खाली पोटातील लोखंडाच्या राशीवर पडले, आणि उठून पुन्हा कामास लागले. सामान रचण्याची त्यांची हातोटी अशी की कोणती पेटी कोठे आहे, तिच्यात काय आहे व ती केव्हा लागेल, हे ते कागदावाचून सांगत. न्यूझीलंड येईपर्यंत स्कॉट यांनी ठरविले की ह्या मनुष्यास जहाजाबरोबर परत पाठवावयाचे नाही, ह्यास हिमभूमीवर ठेवावयाचे.

टेरा नोव्हा हे देवमासे व सील धरणाऱ्यांचे १८८४ साली बांधलेले जुने लाकडी जहाज होते. १५ जून १९१० रोजी ते कार्डिफहून सुटले. त्यावरील जीवन आपल्या समजुतीच्या विद्वानांच्या जीवनासारखे नव्हते. प्राणिशास्त्राचे पंडित बॉयलरमध्ये कोळसा टाकीत, वैद्य शिडांचे दोर ओढीत, आणि गळक्या जहाजातील पाणी रोज सकाळी हातबंबाने सर्व जण मिळून उपसत. ह्या कामांतूनच वेळ काढून समुद्राची तपासणी चाले. बारीक रेशमी जाळे जहाजामागे सोडून पृष्ठभागावरचे सूक्ष्म जीव गोळा करावयाचे. तारेच्या टोकास वजन लावून तळाची खोली मापावयाची व नळीत येणारा चिखल जपून ठेवावयाचा. ठराविक खोलीवर आपोआप मिटणाऱ्या बाटलीने तेथलेच पाणी वर काढावयाचे, म्हणजे त्याची उष्णता व खारेपणा कळे. वारा, हवेचा दाब, पाण्याची उष्णता, दिसलेले पक्षी ह्या सर्वांची नोंद पहाऱ्यावरील अधिकाऱ्याने वहीत करावयाची. बॉवर्स आपल्या पाळीची नोंद कधी चुकू देत नसत. पक्ष्यांची ओळख ते डॉक्टर विल्सन यांच्यापाशी शिकले. विल्सन हे सफरीतील मुख्य शास्त्रज्ञ, वैद्य व चित्रकार होते, आणि तेही ख्रिस्तावर निष्ठा ठेवणारे शांत गृहस्थ होते. ह्या दोघांचा स्नेह येथेच जमला.

कोणी विचारील की थंड समुद्रातल्या पाण्याची उष्णता मोजून काय मिळावयाचे? ध्रुवप्रदेशाच्या कडेस पाणी गोठताना त्यातील मीठ मागे राहते. ते थंड व जड पाणी तळाशी जाते, आणि समुद्राच्या बुडाने हळूहळू उत्तरेकडे सरकत हिंदी महासागरापर्यंत येते. त्या थंड पाण्यात सूक्ष्म वनस्पती विपुल वाढतात. त्यांवर कोळंबीसारखे लहान जीव जगतात, आणि त्यांवर देवमासा, सील व पेंग्विन. ही साखळी आज आपणास ठाऊक आहे, कारण असंख्य जहाजांवरील पहारेकऱ्यांनी असंख्य कंटाळवाण्या आकड्यांच्या ओळी लिहून ठेविल्या.

२९ नोव्हेंबर १९१० रोजी जहाजाने न्यूझीलंडचा किनारा सोडला. डेकवर एकोणीस तट्टे, तीसहून अधिक कुत्री, कोळशाच्या गोण्या व पेट्रोलच्या पेट्या अशी दाटी होती. तिसऱ्या दिवशी भयंकर तुफान झाले. लाटा डेकवरून आरपार जाऊ लागल्या, गोण्या सुटून लाकडी कठड्यांवर आदळू लागल्या. त्यातच बंब तुंबले. तळातील कोळशाची भुकटी तेलात मिसळून तिचे गोळे झाले व ते नळांत अडकले. पाणी चढत चढत भट्टीपर्यंत आले तेव्हा आग विझवावी लागली. बंबाच्या विहिरीकडे जाण्याची झाप उघडावी तर समुद्रच आत येईल, अशी पंचाईत. तेव्हा अधिकारी, शास्त्रज्ञ व खलाशी यांनी शिडीवर रांग करून बादल्यांनी पाणी उपसावयास आरंभ केला. दोन-दोन तासांच्या पाळ्या, कमरेपर्यंत पाणी, आणि मुखी खलाशांची गाणी. इकडे यंत्रघराच्या भिंतीस भोक पाडण्यात आले. त्यातून लेफ्टनंट एव्हन्स व बॉवर्स कोळशाच्या ढिगावरून सरपटत विहिरीत उतरले आणि काळ्या पाण्यात बुड्या मारून हातांनी गोळे काढू लागले. बंब चालू झाले व जहाज वाचले. दोन तट्टे, एक कुत्रा, दहा टन कोळसा, पासष्ट गॅलन पेट्रोल व प्राणिशास्त्रज्ञांची स्पिरिटची एक पेटी एवढे नुकसान झाले. पेटीचा हिशेबही लिहून ठेवण्यात आला, हे मला विशेष वाटते.

पुढे तीन आठवडे जहाज समुद्रावर तरंगणाऱ्या बर्फाच्या लाद्यांत अडकून पडले. ख्रिस्तजन्माचा सण तेथेच झाला. स्कॉट यांनी उपासना चालविली व गीते म्हणण्यात आली. ४ जानेवारी १९११ रोजी जहाज रॉस बेटाच्या किनाऱ्यास लागले. तेथे लाकडी घर उभारून पंचवीस माणसे राहिली. कोठाराचा सर्व हिशेब बॉवर्स यांच्याकडे आला.

दोनच महिन्यांत त्यांची परीक्षा झाली. १ मार्चच्या पहाटे गोठलेल्या समुद्रावर चार तट्टांसह तळ देऊन ते, खलाशी क्रीन व तरुण चेरी-गॅरार्ड असे तिघे झोपले असता खालचा बर्फ फुटला. बॉवर्स आवाजाने जागे होऊन बाहेर आले तो चहूकडे पाणी, एक तट्टू नाहीसे झालेले, आणि तंबू एका तरंगत्या लादीवर. भोवती खलाशी ज्यांस मारेकरी देवमासे म्हणतात ते डोकी वर काढीत होते. सुटका पाहून तिघे निघून गेले असते तर कोणी दोष दिला नसता. बॉवर्स यांनी तट्टे व घसरगाड्या टाकण्याचे नाकारले. लादी लादीशी भिडेल तेव्हा एकीवरून दुसरीवर तट्टांस उड्या घेण्यास लावीत ते तासन् तास किनाऱ्याकडे सरकत राहिले. क्रीन उड्या मारीत पुढे जाऊन स्कॉट यांस वर्दी देऊन आला. स्कॉट आले ते ओरडून सांगू लागले की जनावरांची चिंता सोडा, तुम्ही वर या. तरी बॉवर्स यांनी घसरगाड्या व सर्व सामान वर काढलेच. तट्टांपैकी शेवटी एकच वाचले. पाण्यात पडून निरुपाय झालेल्या एकास बॉवर्स यांनी यातना वाचाव्या म्हणून स्वतः मारले, आणि ते दुःख त्यांस बरेच दिवस पुरले. त्यांच्या हट्टी स्वभावाची ही एक बाजू. असा हट्ट कधी माणसांचे प्राणही घेतो, हे वाचकांनी ध्यानात ठेवावे.

त्या देशात हिवाळ्यात चार महिने सूर्य दिसत नाही. अशा अंधारात २७ जून १९११ रोजी विल्सन, बॉवर्स व चेरी-गॅरार्ड असे तिघे दोन घसरगाड्या ओढीत केप क्रोझिअर नावाच्या ठिकाणाकडे निघाले. सम्राट पेंग्विन हा मोठा पक्षी भर हिवाळ्यात बर्फावर अंडे घालतो. त्या अंड्यातील गर्भ पाहिल्यास पक्ष्यांचे सरपटणाऱ्या प्राण्यांशी नाते उघड होईल, असे त्या काळचे शास्त्रज्ञ समजत. म्हणून ही जोखीम घेण्यात आली.

वाट सुमारे सदुसष्ट मैलांची. अंबरनाथहून गाडीत बसून घाट चढून देहूरोडपर्यंत जावे, जवळजवळ तेवढे अंतर. त्यास एकोणीस दिवस लागले. दोन्ही गाड्या एकदम ओढवत ना, म्हणून एक पुढे नेऊन ठेवावयाची, अंधारात मेणबत्तीच्या उजेडाने आपल्याच पावलांचे ठसे शोधीत मागे यावयाचे व दुसरी न्यावयाची. एक मैल पुढे सरकण्यासाठी तीन मैल चालावयाचे. असे करून काही दिवशी दीड-दोन मैलच पदरी पडत. जुलैच्या पहिल्या आठवड्यात पारा शून्याखाली साडेसत्त्याहत्तर अंश फारेनहाइटपर्यंत उतरला, म्हणजे आजच्या मापाने उणे साठ सेल्सिअसच्याही खाली. आपणाकडे बर्फाच्या कारखान्यातील लादी जितकी थंड असते तिच्यापुढे ही थंडी कशी सांगावी? अंगातील घाम कपड्यांतच गोठे. तंबूबाहेर येऊन मान वर केली तर सदरा तसाच ताठ होई, आणि मान पुढचे काही तास तशीच ठेवावी लागे. रेनडियरच्या कातड्याच्या झोपण्याच्या पिशव्या गोठून लाकडासारख्या होत, आणि त्यांत शिरण्यास पाऊण तास लागे. अशा रात्री पहिला झोपी जाणारा व घोरणारा मनुष्य म्हणजे बॉवर्स. सकाळी उठून प्रथम उष्णमापक पाहणारा व गोठलेल्या बोटांनी आकडा लिहिणारा मनुष्यही तेच. पेन्सिल धरण्यासाठी हातमोजा काढावा लागे, आणि उघडी बोटे थोड्याच क्षणांत बधिर होत. तरी त्या पाच आठवड्यांची नोंद त्यांनी ठेविली आहे.

क्रोझिअरला पोहोचून त्यांनी दगडांची खोपटी रचली व वर कापडाचे छप्पर घातले. पाच अंडी मिळाली, त्यांतील दोन वाटेत फुटली. नंतर वादळ उठले. शेजारी उभारलेला तंबू वाऱ्याने उडवून नेला. दुसऱ्या दिवशी, २३ जुलै रोजी, छप्परही फाटून चिंध्या झाले. विल्सन यांचा तो जन्मदिवस होता. तिघे पिशव्यांत पडून राहिले आणि अंगावर हिम साचू दिले. तंबूवाचून परत जाणे म्हणजे मरण, हे तिघांसही कळत होते. ते मधून मधून एकमेकांस हाक मारून जिवंत असल्याची खात्री करीत, गीते म्हणत, आणि प्रार्थना करीत. वारा थोडा पडला तेव्हा बॉवर्स उतारावरून खाली गेले. अर्ध्या मैलावर तंबू छत्रीसारखा मिटून पडलेला सापडला, आणि तो फाटलेला नव्हता.

त्या क्षणी त्यांनी देवाचे आभार मानले, हे कोणासही कळेल. मला मात्र पुढची गोष्ट अधिक आवडते. परतीच्या वाटेवर रोज रात्री बॉवर्स तंबूच्या शेंड्यास एक दोर बांधीत व त्याचे दुसरे टोक पिशवीत शिरून आपल्या अंगास गुंडाळीत, म्हणजे तंबू पुन्हा गेलाच तर आपणास घेऊनच जाईल. १ ऑगस्ट रोजी तिघे घरी पोहोचले तेव्हा त्यांचे कपडे अंगावरून कापून काढावे लागले.

१ नोव्हेंबर १९११ रोजी स्कॉट यांची मुख्य कूच सुरू झाली. मदतीच्या तुकड्या एकेक करून मागे फिरत गेल्या. वर्षाच्या शेवटच्या दिवशी बॉवर्स यांच्या तुकडीस बर्फावर घसरण्याच्या लाकडी पट्ट्या, म्हणजे स्की, मागे ठेवण्याचा हुकूम झाला. नंतर ३ जानेवारी १९१२ रोजी स्कॉट यांनी अखेरच्या टप्प्यासाठी चारांऐवजी पाच माणसे नेण्याचे ठरविले आणि पाचवे म्हणून बॉवर्स यांस निवडले. तंबू चौघांचा, शिधा चौघांच्या हिशेबाने बांधलेला, आणि चुलीवर पाचव्याचे अन्न शिजवावे तर तेल जास्त जळावयाचे. हा निर्णय मला तरी शहाणपणाचा वाटत नाही. त्याचा भार ज्याच्यावर पडला त्याने मात्र तक्रारीचा शब्द लिहिला नाही. चौघे स्कीवर, आणि सर्वांत आखूड पायांचा हा मनुष्य भुसभुशीत हिमातून पायी, एकाच गाडीस जुंपलेले. असे ते ध्रुवापर्यंत गेले, आणि परतताना जानेवारीच्या अखेरीस स्की हाती लागेपर्यंत बॉवर्स पायीच चालले.

१६ जानेवारीच्या दुपारी बॉवर्स यांच्याच तीक्ष्ण नजरेस क्षितिजावर एक काळा ठिपका दिसला. तो नॉर्वेकरांचा निशाणाचा खांब होता. आमुंडसेन १४ डिसेंबर १९११ रोजीच पोहोचून गेले होते. १७ जानेवारीस हे पाच जण ध्रुवावर उभे राहिले. बॉवर्स यांनी सूर्याची वेधमापे घेऊन स्थान निश्चित केले, आणि छायायंत्रास दोरी बांधून ती स्वतःच ओढून पाचांचे चित्र घेतले. ते चित्र आज जगात सर्वत्र छापलेले दिसते. चेहरे पाहावेत, काही सांगावे लागत नाही.

परतीची वाट आठशे मैलांची होती. ८ फेब्रुवारीस बिअर्डमोर नामक हिमनदीजवळ विल्सन यांच्या सांगण्यावरून त्यांनी खडकांचे नमुने गोळा केले. पस्तीस पौंड दगड गाडीवर चढले व अखेरपर्यंत गाडीवर राहिले. १७ फेब्रुवारीस एडगर एव्हन्स मरण पावला. वाटेतील साठ्यांत तेलाचे डबे भरलेले असावयाचे ते अर्धे-मुर्धे निघू लागले, कारण झाकणाखालील कातडी चकत्या थंडीने आकसून तेल उडून गेले होते. मार्चमध्ये थंडी अनपेक्षित वाढली. पाय कुजू लागलेले ओट्स, आपणामुळे सोबत्यांस उशीर होतो हे जाणून, एके सकाळी वादळात तंबूबाहेर निघून गेले ते परत आले नाहीत. राहिलेल्या तिघांचा शेवटचा तळ मोठ्या शिधासाठ्यापासून अकरा मैलांवर पडला. हे समुद्रावरचे लांब मैल असल्यामुळे अंतर सुमारे वीस किलोमीटर भरते. अंबरनाथ स्थानकातून कर्जतच्या गाडीने निघून बदलापूर मागे टाकावे व वांगणीच्या किंचित पुढे जावे, तेवढेच. विल्सन व बॉवर्स यांनी दोघांनीच जाऊन तेल व अन्न आणावे असा बेत झाला, परंतु वादळ थांबले नाही. बॉवर्स यांनी आईस व बहिणींस अखेरचे पत्र लिहिले. तिनेच ज्याच्यावर भरवसा ठेवण्यास शिकविले त्या तारणाऱ्यावर आपला भरवसा कायम आहे, केवळ तिच्यासाठी जगावेसे वाटते, आणि थंडीतील हे मरण झोपेसारखेच आहे, अशा अर्थाचे ते पत्र आहे. २९ मार्च १९१२ च्या सुमारास ते वारले असावेत. वय अठ्ठावीस वर्षे.

आपल्या खेड्यांतील उपदेशकांस लोक विचारतात की तुमचा देव भक्तास असा का सोडतो? क्रोझिअरला तंबू सापडला, तोच देव येथे वादळ थांबवीना, असे का? ह्यास सोपे उत्तर देणाऱ्या पुष्कळ पुस्तिका आहेत. बॉवर्स यांच्या पत्रात असे उत्तर नाही, आणि तो प्रश्नही नाही.

हिवाळा संपल्यावर शोध करणारी तुकडी निघाली, तिच्यात हिंदुस्थानची सात खेचरे होती. स्कॉट यांच्या विनंतीवरून हिंदुस्थान सरकारने ती दिली होती, सिमल्याकडे त्यांस शिकविले होते, आणि आदल्या उन्हाळ्यात जहाजाने ती तेथे पोहोचली होती. लाल खान, गुलाब, बेगम, राणी, अब्दुल्ला, प्यारी व खानसाहेब अशी त्यांची नावे. १२ नोव्हेंबर १९१२ रोजी तंबू सापडला. मध्ये स्कॉट, एका बाजूस विल्सन, दुसऱ्या बाजूस बॉवर्स. करिंथकरांस पहिल्या पत्राच्या पंधराव्या अध्यायाचे वाचन करून त्यांचा अंत्यविधी केला, तंबू त्यांच्यावर पाडला, वर हिमाचा ढीग रचला व स्कीच्या लाकडांचा क्रूस उभा केला.

तंबूतून वह्या व दगड बाहेर काढण्यात आले. त्यांची पुढील हकीकत सांगितल्यावाचून हे चरित्र पुरे होत नाही.

क्रोझिअरची तीन अंडी लंडनच्या संग्रहालयात गेली. त्यांच्यावरील अखेरचा अहवाल १९३४ साली आला, आणि ज्या प्रश्नासाठी तिघांनी जीव धोक्यात घातला त्यावर त्यांपासून फारसा प्रकाश पडला नाही असे ठरले. ध्रुवाचा मान दुसऱ्याने नेला होता. बॉवर्स यांनी उन्हाळी व हिवाळी कुचांत लिहिलेले हवामानाचे आकडे मात्र जॉर्ज सिम्पसन यांच्या हाती आले. सिम्पसन हे हिंदुस्थानच्या हवामान खात्याचे अधिकारी. ते ह्या सफरीवर गेले होते, आणि खात्याच्या कामासाठी त्यांस १९१२ साली मध्येच परतावे लागले होते. त्यांनी सर्व नोंदी जुळवून मोठा ग्रंथ केला, तो १९१९ साली कलकत्त्यास छापला गेला. १९८० च्या दशकापासून त्या हिमभूमीवर आपोआप नोंद घेणारी यंत्रे बसविली आहेत. त्यांच्या आकड्यांशी बॉवर्स यांचे आकडे ताडून अमेरिकेतील शास्त्रज्ञ सुसान सॉलोमन यांनी १९९९ व २००१ साली दाखविले की १९१२ चा मार्च त्या वाटेवर नेहमीपेक्षा दहा ते वीस अंश फारेनहाइटने अधिक थंड होता. स्कॉट यांनी हवेस दोष दिला तो खरा की सबब, ह्या वादात हा मोठा पुरावा आहे. इतर दोष पुसले गेले असे मात्र नव्हे.

दगडांत कोळशाच्या थरांतील पानांचे ठसे निघाले. केंब्रिजचे पंडित सेवर्ड यांनी १९१४ साली ते ओळखले. ग्लोसोप्टेरिस इंडिका ही ती वनस्पती. इंडिका म्हणजे हिंदुस्थानची. हीच पाने आपल्या नागपूर-कामठीकडील खडकांत सापडतात. तेथे ती प्रथम गोळा करणाऱ्यांत स्कॉटलंडच्या फ्री चर्चचे मिशनरी स्टीफन हिस्लॉप होते. १८४५ साली नागपुरास येऊन त्यांनी शाळा काढली, खेड्यांतून सुवार्ता सांगितली, फिरता फिरता दगड फोडून पाहिले, आणि १८६३ साली रात्री नदी उतरताना पुरात बुडून ते वारले. बिअर्डमोरचे पान व कामठीचे पान एकच निघाल्यामुळे, ही दोन भूमिखंडे एके काळी जोडलेली होती व ध्रुवाजवळ झाडे वाढत होती, ह्या मतास बळकट आधार मिळाला.

६ डिसेंबर १९८१ रोजी गोव्याहून भारताची पहिली सफर दक्षिणेकडे निघाली व ९ जानेवारी १९८२ रोजी तेथे उतरली. तिसऱ्या सफरीत, १९८३-८४ साली, नागपुरात जन्मलेल्या समुद्रशास्त्रज्ञ अदिती पंत होत्या. त्या बर्फाच्या कडेच्या पाण्यातील सूक्ष्म जीवांचा अभ्यास करीत, म्हणजे जे काम टेरा नोव्हाच्या डेकवर रेशमी जाळ्याने चाले तेच.

बॉवर्स व त्यांचे दोन सोबती जेथे ठेविले तेथे क्रूस आता दिसत नाही. शंभराहून अधिक हिवाळ्यांचे हिम वर साचून तो ढीग खोल गाडला गेला आहे. खालची ती सर्व हिमभूमी पाण्यावर तरंगणारी आहे आणि दर वर्षी थोडी थोडी समुद्राकडे सरकते. काही शतकांनी तिची ती कड तुटेल, आणि तो तंबू खलाशासह समुद्रात जाईल.